वरचे चौदा

३ फेब्रुवारी

खारू,

पेटी पोचली. कापूस भरपूर घातला होतास, त्यामुळे दातांचा साचा शाबूत आहे. एका कोपऱ्याचा टवका तेवढा उडालाय, पण तो टाळूच्या मागचा भाग, त्यानं काही अडत नाही.

खारू असं लिहून गेलो. चार वर्षांत हाताला दुसरं नाव लागलं नाही. नको असेल तर कळव, बदलीन.

तीन पानी पत्रात तू माझा गुडघा विचारलास, हवा विचारलीस, शेजारच्या शिंपिणीचं बरं चाललंय का ते विचारलंस, आणि मग तिसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, ‘जमलं तर भोपूसाठी एक छोटी कवळी करून द्याल का’. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? पहिल्या ओळीत लिहायचं. मी काही नाही म्हणणारा माणूस नाही. आता म्हणतोय, पण त्याचं कारण वेगळं आहे.

नातवाचं भोपू हे नाव चांगलं आहे. आवाज मोठा असणार. तो कसा दिसतो ते मला माहीत नाही. फोटो तू पाठवला नाहीस, मी मागितला नाही. पण त्याचं तोंड चार दिवस माझ्या टेबलावर आहे. अडतीस वर्षं मी साचे बघतोय, समोर माणूस नसला तरी पुष्कळ कळतं. कोण एकाच बाजूनं चावतो, कोण झोपेत दात खातो, कुणाला दातांत खिळे धरायची सवय आहे. एका सुताराला मी न भेटताच सांगितलं होतं की बाबा रे, खिळे खिशात ठेव.

तर भोपूचं असं दिसतंय. वरचे पुढचे चार हिरडीपासून खाल्ले गेलेत. सुळे दोन्ही धड. वरच्या चार दाढांपैकी दोन धड, दोघींना खड्डा, पण उथळ. तू खालचाही साचा पाठवलास हे बरं केलंस. खालचे पुढचे अगदी स्वच्छ आहेत. बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या पोरांचं असंच होतं. खालच्या दातांवर जीभ पांघरूण घालते, वरच्यांना कुणी नसतं.

तुमच्याकडचे डॉक्टर सत्तावीस तारखेला वरचे दहाच्या दहा काढणार म्हणतात. ‘दुधाचेच आहेत, परत येणार आहेत, एकदाच काय ती कटकट मिटेल.’ बालवाडीत पोरं त्याला म्हातारबा म्हणतात म्हणून तुला त्याआधी कवळी तयार हवी. हे सगळं मला समजलं. तरी घाई करू नकोस. दाढा परत यायला त्याला दहा-अकरा वर्षांचा व्हावं लागेल. तोवर तो काय, घोट घेत जगणार?

मला थोडं विचारायचं आहे. बाटलीत काय असतं? ती किती वाजता तोंडात जाते आणि कधी निघते? घरात त्याच्यासमोर दात कोण घासतं? त्याचा घास तू आधी आपल्या तोंडात चाखून देतेस का? राग मानू नकोस. आमच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाई सगळ्यांना हेच विचारतात, मी ऐकून ऐकून पाठ केलंय.

तुझी वरची कवळी नऊ वर्षांची झाली. आता सैल पडली असेल. मापासाठी ये असं म्हणत नाही. फोनवर आपलं बोलणं अर्धवट तुटलं होतं, त्यानंतर मी काही म्हणायला नको. फोन मला हल्ली ऐकूही येत नाही. कवळ्या घासायच्या मशीननं उजवा कान नेला, डावा त्याच्या वाटेवर आहे. म्हणून लिहीतच जा.

बाबा


१० फेब्रुवारी

खारू,

तू लिहितेस की फोन तुटला नव्हता, मी ठेवला होता. बरं, ठेवला होता.

तुझी उत्तरं मी दोनदा वाचली. बाटलीत दूध, दोन चमचे साखर. रात्री आठला तोंडात जाते आणि सकाळी गादीवर सापडते. जावईबापू ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर असतात, तू शिलाईच्या कारखान्यातून सातला येतेस, पोरगं भोकाड पसरतं आणि शेजारीण भिंत वाजवते. बाटली दिली की शांत होतं. यात मला तुझी चूक काढायची नाही. दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला शांतता हवी असते, मला ते कळतं.

घास चाखून देतेस, तुझाच चमचा. गरम आहे का ते बघायला. खारू, तुझ्या खालच्या दातांना कीड असेल तर तीही त्याच चमच्यानं जाते. मी आधी हे मानत नव्हतो. कीड काय चालत जाते का, म्हणून मी डॉक्टरीणबाईंची थट्टा केली. त्या म्हणाल्या, ‘चालत नाही हो, चमच्यात बसून जाते.’ 

त्यांच्याबद्दल थोडं सांगतो. मोठे डॉक्टर गेल्यावर दवाखाना यांनी घेतला. वय तुझ्याएवढंच. त्यांची एक अजब रीत आहे. आई पोराला घेऊन आली की त्या पोराला स्टुलावर बसवतात आणि खुर्चीत आईला. आई म्हणते, अहो, मला काही झालेलं नाही, याला दाखवायला आणलंय. त्या म्हणतात, बसा तर खरं. मग आईचं तोंड उघडतात, पोरगं वाकून वाकून बघतं. दहातल्या सहा आयांच्या तोंडात तेच असतं जे पोराच्या. मग त्या कुणाला बोल लावत नाहीत. आईला ब्रश देतात आणि पोरासमोर घासायला लावतात. माझं टेबल काचेच्या पलीकडे आहे, म्हणून मला फुकटात दिसतं. सुरुवातीला मला हा सगळा पोरखेळ वाटला. पण सहा महिन्यांनी तीच पोरं परत येतात तेव्हा साचे मीच ओततो, आणि साचा कुणाची भीड ठेवत नाही.

आता तुझं तिसरं उत्तर. घरात भोपूसमोर दात कुणीच घासत नाही. जावईबापू असले तर पहाटे निघण्याआधी घासतात, तेव्हा तो झोपलेला. आणि तू रोज रात्री कवळी काढून भांड्यात ठेवतेस, ती मात्र त्याच्यासमोर. तुझी आई आयुष्यभर आमच्यापासून तोंड लपवत आली, तसं तुला करायचं नव्हतं, असं लिहिलंयस. ते चांगलंच केलंस. पुढचं वाचून मात्र मी चष्मा काढून ठेवला. तो रोज आपले दात धरून ओढतो आणि विचारतो, ‘माझे का निघत नाहीत?’

त्याला वाटतं दात म्हणजे रात्री काढून ठेवायची वस्तू. त्याचं काय चुकलं? त्यानं जे बघितलं तेच तो करतोय.

आणि तुझं जेवणही त्याच्या वाट्याला आलंय. तुझ्या घरात काकडी येत नाही, गाजर येत नाही, सफरचंद आलं तर किसून साखर भुरभुरून. कवळीला जे चावत नाही ते घरात शिजत नाही. पाव दुधात, बिस्कीट दुधात, केळं कुस्करून. साडेतीन वर्षांच्या पोराच्या तोंडात दात आहेत आणि ताटात म्हातारपण.

भोपूचा साचा मी डॉक्टरीणबाईंना दाखवला. कुणाचा म्हणून त्यांनी विचारलं. एका गिऱ्हाइकाचा, म्हटलं. त्यांनी भिंग लावून दहा मिनिटं बघितलं. म्हणाल्या, पुढचे मधले दोन बहुतेक काढावे लागतील, बाजूच्या दोघांवर टोपी, म्हणजे कॅप, बसेल, दाढा भरता येतील, सुळ्यांना हातही लावायचा नाही. दहा कशाला काढतायत, म्हणाल्या. दाढा आत्ता गेल्या तर खालून येणाऱ्यांना जागाच धरायला कोणी राहणार नाही, वाकडेतिकडे उगवतील.

तेव्हा सत्तावीस तारीख रद्द कर. भोपूला इकडे घेऊन ये. बाटलीत उद्यापासून नुसतं पाणी. दोन रात्री रडेल. शेजारणीला आधी सांगून ठेव.

बाबा


१६ फेब्रुवारी

खारू,

तुझं पत्र मिळालं. एकच पान, आणि पेनानं कागद फाटेपर्यंत दाबून लिहिलंय. नाव बदलायला सांगितलं नाहीस, म्हणून तेच ठेवतो.

तुझे प्रश्न मी इथे उतरवतो, म्हणजे मी टाळले असं व्हायला नको.

तू लिहिलंस: ‘आपल्या घरात दात टिकत नाहीत, हे तुम्हीच सांगितलंत. मी वीस वर्षांची असताना सांगितलंत. मग मी खालचे घासून काय करू? तेही जाणारच. भोपूचेही जाणारच. मग तीन तीनदा खुर्चीत बसवून त्याला छळण्यापेक्षा एकदाच काढलेले काय वाईट? मला तुम्ही तेच सांगितलं होतं. एकदाच त्रास, मग जन्माची सुटका.’

तू लिहिलंस: ‘भोपू झाला तेव्हा वॉर्डातल्या नर्सनं माझी कवळी बघितली आणि विचारलं, तुझ्या वयाच्या मुलीचे दात कुणी काढले गं? मी तुम्हाला फोन करून तेवढंच विचारलं. तुम्ही फोन ठेवलात. आता चार वर्षांनी मला चमचे कसे धुवायचे ते शिकवताय.’

आणि शेवटी: ‘तुम्ही चौसष्टचे झालात. तुमच्या तोंडात किती आहेत?’

सव्वीस आहेत.

आता बाकीचं. तुझी आई चौतिसाव्या वर्षी बोळकी झाली, हे तुला माहीत आहे. तिला तिन्ही वेळा दिवस गेले तेव्हा सकाळपासून ओकाऱ्या व्हायच्या. ब्रश तोंडात घातला की आणखी उमळून यायचं, म्हणून तिनं ब्रश सोडला. तोंडाला चव यावी म्हणून दिवसभर खडीसाखर चघळायची. बायका म्हणायच्या, प्रत्येक पोरामागे एक दात जायचाच, पोर पोटातून दात खातं. तिनं ते खरं मानलं. आणि घास तीही चाखूनच द्यायची, तुला, तुझ्या दोन्ही भावांना. कीड आईकडून येते असं डॉक्टरीणबाई म्हणतात, ते उगीच नव्हे. तिच्या माहेरीही सगळ्यांची तोंडं तशीच. तू तिच्यावर गेलीस, मी काय करणार होतो? मोठे डॉक्टर म्हणाले वाचणार नाहीत. मी बाप होतो, मला जे सुचलं ते केलं. कवळी तर मी स्वतःच्या हातानं केली, दुसऱ्याकडे दिली नाही. लग्नाच्या फोटोत तू कशी दिसतेस बघ. 

भोपूची गोष्ट वेगळी आहे. काळ वेगळा आहे. तेव्हा एवढी साधनं नव्हती. कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणून मागचं राहू दे. तारीख रद्द कर, एवढंच मी सांगतोय. सांगून सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या.

बाबा


१८ फेब्रुवारी

खारू,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. हे कुरिअरनं पाठवतो, सत्तावीसच्या आत पोचायला हवं.

परवाचं पत्र टाकून आलो आणि कामाला बसलो. एका आजोबांची खालची कवळी, साधं काम. मेणात दात बसवताना दोनदा उलटे बसवले. अडतीस वर्षांत असं झालं नव्हतं. डॉक्टरीणबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, त्या गिऱ्हाइकाचं काय झालं, मुलाला आणणार का? मी म्हटलं, आई ऐकत नाही, ती म्हणते घराण्यातच दात टिकत नाहीत. त्या म्हणाल्या, ‘असं तिला कुणी सांगितलं? ज्यानं सांगितलं त्यालाच खुर्चीत बसवा आधी.’ त्या हसत गेल्या, त्यांना काय माहीत.

परवा मी सगळं तुझ्या आईवर ढकललं. ती गेलेली आहे, उत्तर द्यायला येणार नाही, म्हणून ढकललं. ती खडीसाखर चघळायची हे खरं. ओकाऱ्या खऱ्या. पण ती माझ्याच घरात चघळत होती. मी सकाळी दहा ते सात लोकांच्या तोंडांचे साचे बघत होतो आणि घरी येऊन तिच्या तोंडात कधी बघितलं नाही. पहिला दात पडला तेव्हा ती मला म्हणाली होती, दुखतंय. मी म्हटलं, लवंग धर. दुसऱ्या वेळी तिनं सांगितलंच नाही. आईचं तोंड बघा, आईचं ताट बघा, असं सगळे म्हणतात. तिच्या शेजारी जेवायला कोण बसतं ते कुणी बघत नाही.

आता तुझं.

तुझ्या लग्नाला तीन महिने होते. दाढ दुखते म्हणून तू आलीस, मीच तुला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तुला आत बसवलं, तपासलं, मग तू बाहेरच्या बाकावर येऊन बसलीस. निळी ओढणी होती, तिचं टोक तू दातांत धरून बसली होतीस. आत डॉक्टर मला म्हणाले, वरचे चौदा आहेत, तिघांना कीड आहे, तीन भरून टाकू, दोन खेपांत होईल. बाकी अकरा ठणठणीत आहेत. खालच्यात तर काहीच नव्हतं.

मी म्हटलं, नको. सगळे वरचे काढा.

ते म्हणाले, वेडा आहेस का. मी म्हटलं, हिच्या आईचं काय झालं बघितलंत. हिलाही पोरं होतील, एकेक करून जातील, सासरी तोंडावर हात ठेवून वावरेल. आत्ता काढले तर लग्नात मी तिला असे दात देईन की कुणी मान वळवून बघेल. ते बराच वेळ नाही म्हणत होते. मी बावीस वर्षं त्यांच्याकडे काम केलं होतं, कधी काही मागितलं नव्हतं. हे मागितलं. शेवटी ते म्हणाले, तिची संमती असेल तर. 

मी बाहेर आलो आणि तुला सांगितलं, डॉक्टर म्हणतात एकही वाचणार नाही. तू ओढणी तोंडातून काढलीस आणि विचारलंस, ‘दुखेल का?’ मी म्हटलं, नाही.

डॉक्टर असं म्हणाले नव्हते. ते मी म्हटलं. घराण्यात दात टिकत नाहीत हेही मीच म्हटलं. माझे स्वतःचे सव्वीस तोंडात ठेवून म्हटलं.

तुझं आईसारखं होईल या भीतीनं केलं असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते अर्धं खरं आहे. उरलेलं आज पहिल्यांदा लिहितोय, अक्षर बिघडलं तर समजून घे. त्या वर्षी बाहेरून नव्या प्रकारच्या दातांची पेटी आली होती. आतून प्रकाश जाईल असे, खऱ्यासारखे. मी जन्मभर म्हाताऱ्यांची तोंडं भरली. सुरकुतलेले ओठ, बसलेले गाल, तिथे चांगलं काम करून दाखवायला जागाच नसते. मला एकदा तरी तरुण चेहऱ्यावर काम करायचं होतं. तो चेहरा माझ्या घरात होता.

काम उत्तम झालं. सगळे म्हणाले. मी त्याची एक नक्कल करून काचेच्या कपाटात ठेवली, नवीन गिऱ्हाइकाला दाखवायला. ‘ही बघा, ओळखू येतं का?’ असं विचारायचो. नऊ वर्षं विचारत होतो. काल ती काढली.

तू फोन केलास तेव्हा मला हे सांगता आलं असतं. त्याऐवजी मी फोन ठेवला. त्यानंतर मला वाटलं, तू काही आता विचारायला येत नाहीस, तर प्रकरण मिटलं. मिटलं नव्हतं. मी जे खोटं बोललो त्यावर तू घर चालवलंस. खालचे घासून काय उपयोग, म्हणून ब्रश सोडलास. ब्रश नाही म्हणून पोरानं कधी बघितला नाही. चावत नाही म्हणून साखर आणि दूध. आणि आता तू त्याला नेऊन बसवणार आहेस आणि तो विचारेल, दुखेल का, आणि तू म्हणशील, नाही.

खारू, भोपूच्या वरच्या दहातले चार निरोगी आहेत. दोन भरले आणि दोघांवर टोपी बसली की आठ होतील. हे मी बाप म्हणून सांगत नाहीये, त्या शब्दाला आता किंमत राहिली नाही. साचा समोर आहे. तुमच्याकडच्या डॉक्टरांना विचार, एकेका दातावर बोट ठेवून विचार, हा का काढताय? आणि मी जे आत ऐकलं ते तू स्वतः ऐक. बाहेर बाकावर बसू नकोस.

मला शरम वाटते. एवढं एकच वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली, ते नीट लिहिलेलं नाही, पण तेच आहे.

बाबा


५ मार्च

खारू,

कार्ड मिळालं. दोनच ओळी. ‘सत्तावीसची तारीख रद्द केली. ते तीन कोणते?’

आधी भोपूचं सांगतो. डॉक्टरीणबाईंनी एकवीस तारीख दिली आहे, सकाळी अकरा. आता त्यांना ठाऊक आहे की गिऱ्हाईक म्हणजे कोण. मीच सांगितलं, सगळं. त्यांनी हातमोजे काढले, खुर्चीवर बसल्या आणि ते पुन्हा घातले. दुसऱ्या दिवसापासून मला चहा आणून देत नाहीत, मी स्वतः घेतो. काम मात्र तसंच देतात.

त्या तुलाच आधी खुर्चीत बसवतील, त्याची तयारी ठेव. खालचे बघतील. तुझे खालचे निम्मे तरी वाचतील असा माझा अंदाज आहे, पण अंदाज त्यांना करू दे. कवळी काढून दाखवायला सांगितली तर भोपूसमोर काढ, त्याला ती ओळखीची आहे. मग त्याला ब्रश देतील. फळाच्या चवीची पेस्ट आहे, ती तो गिळेल, सगळे गिळतात. मटारएवढीच घ्यायची.

माझं अठराचं पत्र पोचण्याआधी तू टाकलेलं पत्रही आलं, बाटली सुटली हे बरं झालं. तीन रात्री रडला आणि चौथ्या रात्री शेजारीण भिंत वाजवायच्या ऐवजी दारात येऊन विचारून गेली, यात तुझा अर्धा जय झाला. गाजराची लांब फोड त्याच्या हातात दे. तुला चावत नसलं तरी त्याच्या हातात दे. 

एकवीस तारखेला मी कामावर नसेन. डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलंय. गुडघा दाखवायला जायचंच आहे. काचेपलीकडे माझी खुर्ची रिकामी दिसेल, तेव्हा दचकू नकोस आणि थांबूही नकोस. भोपूच्या टोप्या दुसरा कारागीर करेल, त्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तुझ्या तोंडाचं नवीन मापही त्याच्याकडे देता येईल. ते मी करणार नाही. तुला वाटेल मी रुसलो, तसं नाही. त्या तोंडात माझं काम पुन्हा नको.

आता तुझी दुसरी ओळ. हे पान मी तीनदा सुरू करून टाकलं. गुडघा आणि गाजर लिहीत बसलो, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

काढण्याआधीचा तुझा साचा माझ्याकडे आहे. तो टाकवला नाही. आज उजेडात धरून बघितला, म्हणजे आठवणीवर जायला नको, आणि डॉक्टरांच्या जुन्या नोंदीशी ताडून बघितला.

उजवीकडची सगळ्यात मागची दाढ. डावीकडची मागून दुसरी, तीच दुखत होती. आणि तिच्या पुढची लहान. एवढे तीन. तिन्ही मागे, हसताना कुणाला दिसलेही नसते.

सुळे दोन्ही चांगले होते. पुढचे चारही चांगले होते.

बाबा